घरे हवीत, पण गावकुसाबाहेर!

गरिबांना पक्की घरे मिळाली पाहिजेत, या विधानाला महाराष्ट्रात जाहीर विरोध करणारा माणूस शोधूनही सापडणार नाही. विरोध सुरू होतो तो जागा ठरल्यावर. एखाद्या वसाहतीलगतच्या मोकळ्या भूखंडावर पुनर्वसनाच्या इमारती उभ्या राहणार, अशी बातमी आली की निवेदने निघतात, सह्यांच्या मोहिमा सुरू होतात, लोकप्रतिनिधींना साकडे घातले जाते आणि अखेरीस प्रकरण न्यायालयात जाते. 'घरे बांधा, पण येथे नको' ही भूमिका जगभरातील शहरांना परिचित आहे. महाराष्ट्रात तिला एक जुना संदर्भही आहे. कष्टकऱ्यांची वस्ती गावकुसाबाहेर ठेवण्याची परंपरा येथे शतकानुशतके चालत आली. आजच्या विरोधात ही परंपरा कितपत उरली आहे आणि त्यात रहिवाशांची न्याय्य तक्रार किती, हे वेगळे करून पाहिल्याशिवाय या प्रश्नाचे उत्तर मिळणार नाही.

गावठाण, ई-क्लास आणि घरकुल

हा प्रश्न केवळ महानगरांचा आहे, असा शहरी वाचकांचा समज असतो. बुलडाणा शहराजवळचे, पैनगंगेच्या काठी वसलेले देऊळघाट हे वऱ्हाडातील जुन्या आणि मोठ्या गावांपैकी एक. महाराष्ट्रातील अशा गावांची पारंपरिक रचना सर्वपरिचित आहे. राहण्याची जागा ती 'पांढरी', कसण्याची जमीन ती 'काळी' आणि गावगाड्याने खालच्या मानलेल्या जातींची वस्ती गावकुसाबाहेर. वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय राज्य सरकारने २०२० मध्ये घेतला. नावे बदलता येतात. मात्र वस्ती कोठे आहे, हे निर्णयाने बदलत नाही.

ग्रामीण घरकुल योजनेत हीच अडचण जागेच्या रूपाने समोर येते. इंदिरा आवास योजनेची जागा २०१६ मध्ये प्रधानमंत्री आवास योजनेने (ग्रामीण) घेतली. किमान २५ चौरस मीटरचे घर आणि मैदानी भागात १ लाख २० हजार रुपयांचे साहाय्य, असे तिचे स्वरूप ठरले. अनुसूचित जातींसाठी रमाई, आदिवासींसाठी शबरी अशा राज्याच्या योजनाही आहेत. या सर्व योजना एक गोष्ट गृहीत धरतात, ती म्हणजे लाभार्थ्याकडे स्वतःची जागा आहे. ज्याच्याकडे ती नाही, त्याचे नाव यादीत येऊनही घर उभे राहत नाही. अशा भूमिहीनांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाने जागा खरेदी अर्थसाहाय्य योजना आणली गेली. ५०० चौरस फुटांपर्यंतच्या जागेसाठी तिच्यात सुरुवातीस ५० हजार रुपये मिळत. पुढे ही मर्यादा १ लाख करण्यात आली. शहरालगतच्या गावात एवढ्या रकमेत जागा मिळणे कठीण असते.

मग उरते ती सरकारी जमीन. विदर्भात जिला 'ई-क्लास' म्हणतात, ती गुरचरणाची अर्थात गायरान जमीन. जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी गावाच्या सामायिक जमिनींवरील अतिक्रमणे हटविण्याचे आदेश सर्व राज्यांना दिले. भूमिहीन मजूर किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या कुटुंबांना सरकारी अधिसूचनेनुसार दिलेल्या जागांसारख्या अपवादात्मक बाबतीतच नियमितीकरणाला मुभा राहिली. त्याच वर्षी महाराष्ट्रानेही गायरानाच्या वापरावर निर्बंध घालणारा शासन निर्णय काढला. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर राज्य सरकारने जी माहिती दिली, तीनुसार राज्यातील गायरानांवर २ लाख २२ हजारांहून अधिक बेकायदा बांधकामे होती. त्यातील कित्येक घरे ज्यांना गावठाणात जागा नाही अशांचीच.

गायरान वाचले पाहिजे, हा आग्रह चुकीचा नाही. गुरांना चरायला जागा हवी आणि गावाला मोकळी जमीनही. परंतु गावठाणात जागा नाही, गायरानावर मनाई आणि विकत घ्यायला पैसा नाही, अशा तिहेरी कोंडीत अखेर बळी पडतो तो घरकुलाचा लाभार्थी. शहरातील वाद याहून आकाराने मोठा असला, तरी त्याची ठेवण हीच आहे.

सरकारी घरांवर वाढलेली मुंबई

मुंबईत सार्वजनिक गृहनिर्माणाचा इतिहास सव्वाशे वर्षांचा आहे. प्लेगच्या साथीनंतर १८९८ मध्ये मुंबई सुधार न्यास स्थापन झाला. १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे बीडीडी चाळी उभ्या राहिल्या. स्वातंत्र्यानंतर गृहनिर्माण मंडळाने घाटकोपरचे पंतनगर, विक्रोळीचे कन्नमवारनगर व टागोरनगर, कुर्ल्याचे नेहरूनगर अशा वसाहती बांधल्या. १९७७ मध्ये ही जबाबदारी म्हाडाकडे आली. गिरणी कामगार, कारकून, शिक्षक, पोलीस अशा अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांना या घरांनी शहरात पाय रोवू दिला. त्यांतील अनेकांची पुढची पिढी आज त्याच जागेवरील पुनर्विकसित इमारतींत मालक म्हणून राहते.

१९९५ मध्ये झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण स्थापन झाले आणि सूत्र बदलले. सरकारने घरे बांधण्याऐवजी खासगी विकासकाने झोपडीधारकांना मोफत घर द्यायचे आणि त्याबदल्यात मिळणाऱ्या वाढीव चटई क्षेत्रातून खुल्या बाजारात विक्रीची घरे बांधायची, अशी ही योजना. घराचा आकार २२५ चौरस फुटांवरून २६९ आणि नंतर ३०० चौरस फुटांवर गेला. रस्ते, रेल्वे, जलवाहिन्या यांसाठी विस्थापित होणाऱ्या प्रकल्पग्रस्तांची घरेही बहुतांशी अशाच व्यवहारातून उभी राहतात. विकासक जमीन व बांधकाम देतो. मोबदला विकास हक्क हस्तांतरण अर्थात 'टीडीआर' व अन्य सवलतींच्या रूपात घेतो.

या व्यवहाराचा एक परिणाम अटळ होता. ज्याला हक्काचा वापर महागड्या भागात करता येतो आणि घरे स्वस्त भागात बांधता येतात, तो घरे तेथेच बांधणार. गरिबांची घरे कोठे असावीत, हा नियोजनाचा प्रश्न त्यामुळे जमिनीच्या दराने सोडविला जाऊ लागला.

मुलुंडचा 'नाही' आणि कुर्ल्याचे उद्यान

अलीकडच्या काळातील सर्वांत ठळक उदाहरण मुलुंडचे. मुलुंड पूर्वेला केळकर महाविद्यालयाच्या परिसरात प्रकल्पग्रस्तांसाठी ७ हजार ४३९ घरे बांधण्याचा प्रकल्प मुंबई महापालिकेने हाती घेतला. २०२३ च्या अखेरीपासून स्थानिकांनी त्याविरोधात आंदोलन उभारले. एका घरात चार-पाच माणसे धरली, तरी तीस हजारांहून अधिक लोकसंख्येची भर एकाच ठिकाणी पडणार. त्यासाठी पाणी, मलनिस्सारण, रुग्णालय, शाळा, रेल्वे स्थानकावरील गर्दी यांचे नियोजन कोठे आहे, असा त्यांचा प्रश्न होता.

त्याच सुमारास धारावीच्या पुनर्विकासाचा वाद या आंदोलनाला येऊन मिळाला. धारावी प्रकल्पाची निविदा नोव्हेंबर २०२२ मध्ये अदानी समूहाने जिंकली. या योजनेत १ जानेवारी २००० पूर्वीच्या तळमजल्यावरील पात्र रहिवाशांना धारावीतच ३५० चौरस फुटांचे घर मिळणार आहे. त्यानंतर २०११ पर्यंतच्या रहिवाशांना अडीच लाख रुपयांत, तर २०११ नंतरच्या आणि वरच्या मजल्यांवरील रहिवाशांना भाडेखरेदी तत्त्वावर, धारावीबाहेर घर देण्याचे ठरले. धारावीबाहेर म्हणजे नेमके कोठे, हा प्रश्न मग प्रत्येक उपनगरात विचारला जाऊ लागला. मुलुंड, भांडुप, कांजूरमार्ग येथील सुमारे २५६ एकर मिठागरांच्या जमिनी, कुर्ल्याच्या नेहरूनगरमधील मदर डेअरीची सुमारे २१ एकर जागा आणि देवनार कचराभूमीची १२४ एकर जागा यांची नावे २०२४ मध्ये एकापाठोपाठ एक पुढे आली. 'धारावीकर येथे नकोत' हा त्या वर्षीच्या लोकसभा निवडणुकीत ईशान्य मुंबईतील प्रचाराचा ठळक मुद्दा ठरला. भाजपचे उमेदवार मिहिर कोटेचा यांच्यासारख्या सत्ताधारी पक्षाच्या नेत्यालाही धारावीकरांना मुलुंडमध्ये आणू देणार नाही, असे जाहीर करावे लागले.

मुलुंडकरांच्या संतापाला एक पार्श्वभूमी आहे, ती नजरेआड करून चालणार नाही. १९६७ पासून २०१८ पर्यंत मुलुंडने शहराचा कचरा झेलला. अर्धशतकाने कचराभूमी बंद झाली आणि काही मोकळे होईल, ही आशा निर्माण झाली, तोच पुन्हा शहराचा भार आपल्याच माथी, अशी तेथील भावना झाली. कुर्ल्यातील रहिवाशांनीही मदर डेअरीच्या जागेवर इमारतींऐवजी उद्यान व्हावे, अशी मागणी लावून धरली. दाट वस्तीच्या कुर्ल्यात झाडांनी भरलेला भूखंड जपावा, यात गैर काहीच नाही. तथापि नेहरूनगर ही स्वतःच गृहनिर्माण मंडळाने उभारलेली वसाहत आहे, याचा विसर पडू नये. काल ज्यांना शहराने सामावून घेतले, त्यांच्यासमोर आज पुढच्यांना सामावून घेण्याचा प्रश्न उभा आहे.

तेवीस वर्षांची न्यायालयीन लढाई

मोकळी जागा की घरे, या प्रश्नावरचा सर्वांत दीर्घ खटला मुंबई उच्च न्यायालयात चालला. उद्याने, क्रीडांगणे यांसाठी आरक्षित, परंतु झोपड्यांनी व्यापलेल्या भूखंडांवर पुनर्वसन योजनांना परवानगी देण्याच्या धोरणाला नागरिकांच्या संस्थेने २००२ मध्ये आव्हान दिले. 'नगर' या संस्थेने पुढे नेलेल्या या लढाईचा निकाल १९ जून २०२५ रोजी लागला. न्या. अमित बोरकर आणि न्या. सोमशेखर सुंदरेसन यांच्या खंडपीठाने २०३४ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील वादग्रस्त तरतूद वैध ठरविली. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या अशा भूखंडावर पुनर्वसन करता येईल. मात्र किमान ३५ टक्के जागा मोकळी ठेवावी लागेल, अशी ती तरतूद आहे. ही जागा केवळ नकाशावर न राहता लोकांना प्रत्यक्ष वापरता आली पाहिजे, असेही न्यायालयाने बजावले.

या खटल्यात दोन्ही बाजू राज्यघटनेच्या एकाच अनुच्छेदाचा, २१ व्या अनुच्छेदाचा, आधार घेत होत्या. एका बाजूला निवाऱ्याचा हक्क, दुसऱ्या बाजूला निरोगी पर्यावरणाचा. २०११ च्या जनगणनेनुसार बृहन्मुंबईतील सुमारे ४२ टक्के लोक झोपडपट्टीत राहत होते. त्याचबरोबर ज्या शहराच्या आराखड्याने दरडोई ४ चौरस मीटर मोकळ्या जागेचे उद्दिष्ट ठेवले, त्याच शहरात मैदाने आटत चालली होती. उद्यानाची गरज झोपडीतील मुलालाही तितकीच, किंबहुना अधिक असते. म्हणूनच या वादाला सज्जन विरुद्ध दुर्जन असे रूप देणे दिशाभूल करणारे ठरते.

आक्षेप कोणते खरे, कोणते भीतीचे?

रहिवाशांच्या आक्षेपांची यादी सर्वत्र साधारण सारखीच असते. पाणीपुरवठा, सांडपाणी, रस्ते, शाळा व रुग्णालये यांवरील ताण, मोकळ्या जागेचा ऱ्हास, घरांच्या किमती घसरण्याची भीती आणि गुन्हेगारी वाढण्याची शंका. यांतील पहिले दोन आक्षेप मोजता येण्याजोगे आहेत आणि त्यांची उत्तरे देणे प्रशासनाचे कर्तव्य आहे. जलवाहिनीची क्षमता किती, नवी शाळा कोणत्या भूखंडावर, हे आधी जाहीर केले तर निम्मा वाद शमू शकतो. प्रत्यक्षात प्रकल्प मंजूर झाल्यावर रहिवाशांना त्याची माहिती मिळते आणि अविश्वास वाढतो. मात्र एक विसंगती ध्यानात घेतली पाहिजे. त्याच परिसरात चाळीस मजल्यांचे आलिशान मनोरे उभे राहतात, तेव्हाही पाणी आणि रस्ते तेवढेच असतात. त्यांच्याविरोधात मात्र एवढ्या मोठ्या संख्येने मोर्चे निघताना क्वचितच दिसतात.

किमती आणि गुन्हेगारी यांविषयीची भीती तपासण्यास परदेशातील एक उदाहरण उपयुक्त आहे. अमेरिकेच्या न्यूजर्सी राज्यातील माउंट लॉरेल या उपनगराने अल्प उत्पन्न गटाच्या घरांना दीर्घकाळ अटकाव केला. १९७५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने, प्रत्येक गावाने परवडणाऱ्या घरांचा आपला न्याय्य वाटा उचलला पाहिजे, असा निर्णय दिला. तरीही त्या गावात १४० घरांची वसाहत प्रत्यक्ष उभी राहण्यास २००० साल उजाडावे लागले. समाजशास्त्रज्ञ डग्लस मॅसी आणि सहकाऱ्यांनी या वसाहतीचा अभ्यास करून २०१३ मध्ये निष्कर्ष मांडले. शेजारच्या घरांच्या किमती, गुन्हेगारी किंवा कर यांवर वसाहतीचा प्रतिकूल परिणाम आढळला नाही. उलट तेथे राहायला आलेल्या कुटुंबांचे उत्पन्न आणि मुलांच्या शिक्षणाची स्थिती सुधारली.

हे उदाहरण मुलुंडला जसेच्या तसे लागू करता येणार नाही. तेथे घरे १४० होती. येथे एकाच ठिकाणी ७ हजारांहून अधिक. परंतु याच फरकात मूळ मुद्दा दडलेला आहे. गरीब शेजारी असणे ही अडचण नसून, हजारो गरीब कुटुंबे एकाच जागी कोंबणे ही अडचण आहे.

विरोध नसलेल्या ठिकाणी काय झाले?

सुस्थित वसाहतींनी नकार दिला म्हणून घरे बांधली गेली नाहीत, असे होत नाही. ती जेथे विरोधाचा आवाज क्षीण आहे तेथे जातात. मुंबईत असा भाग म्हणजे 'एम-पूर्व' विभाग, अर्थात गोवंडी, मानखुर्द आणि देवनारचा परिसर. २००२ मध्ये जागतिक बँकेच्या साहाय्याने सुरू झालेल्या मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पातील आणि अन्य प्रकल्पांतील विस्थापितांच्या मोठ्या वसाहती येथे उभ्या राहिल्या. मानखुर्दचे लल्लूभाई कंपाउंड आणि गोवंडीचे नटवर पारेख कंपाउंड ही त्यांतील नावे. इमारतींमधील अंतर इतके कमी, की खालच्या मजल्यांवर ऊन पोचत नाही आणि वारा खेळत नाही. डॉक्टर्स फॉर यू या संस्थेने केलेला आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास याच वसाहतींचा होता. इमारतींच्या अशा रचनेचा क्षयरोगाच्या प्रसाराशी संबंध असल्याचे त्यातून पुढे आले.

माहुलची कहाणी याहून बोलकी आहे. तेल शुद्धीकरण कारखान्यांच्या सान्निध्यात ७२ इमारतींत १७ हजारांहून अधिक घरे बांधण्यात आली. २०१७ पासून तानसा जलवाहिनीलगतची कुटुंबे तेथे पाठविण्यात आली. प्रदूषणामुळे आजारपण वाढल्याच्या तक्रारी झाल्या, दीर्घ आंदोलन झाले आणि २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने या कुटुंबांना अन्यत्र भाड्याने राहण्यासाठी दरमहा १५ हजार रुपये देण्याचे आदेश दिले. पुढे २०२५ मध्ये महापालिकेने तेथील रिकामी घरे आपल्याच कर्मचाऱ्यांना विकायला काढली, तेव्हा त्यांनीही अत्यल्प प्रतिसाद दिला. घरे नाहीत म्हणून माणसे रस्त्यावर आणि माणसे राहू शकत नाहीत म्हणून हजारो घरे रिकामी, असे चित्र एकाच शहरात दिसते. धारावीच्या पुनर्वसनासाठी दिलेली देवनारची कचराभूमीही याच एम-पूर्व विभागात आहे, हा योगायोग मानता येत नाही.

वाटून घेण्याचा मार्ग

फ्रान्सने डिसेंबर २००० मध्ये केलेल्या कायद्याने ठरावीक लोकसंख्येवरील नगरांना एकूण घरांपैकी २० टक्के घरे सामाजिक गृहनिर्माणाची ठेवणे बंधनकारक केले. २०१३ मध्ये बहुतेक ठिकाणी हे प्रमाण २५ टक्क्यांवर नेण्यात आले. काही श्रीमंत नगरे आजही उद्दिष्ट पूर्ण करण्याऐवजी दंड भरणे पसंत करतात. तरीही प्रत्येकाचा वाटा ठरलेला असल्याने 'आमच्याच माथी का' हा प्रश्न तेथे बोथट होतो.

महाराष्ट्रात असे प्रयत्न झालेले नाहीत, असे नाही. १९७६ च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्याचा हेतूच अतिरिक्त जमिनीवर सामान्यांना घरे मिळावीत, हा होता. सवलती आणि पळवाटांनी तो पोखरला गेला आणि नोव्हेंबर २००७ मध्ये राज्यात तो रद्द झाला. त्यानंतर नोव्हेंबर २०१३ मध्ये सर्वसमावेशक गृहनिर्माणाचे धोरण आले. दहा लाखांहून अधिक लोकसंख्येच्या महापालिका क्षेत्रांत ४ हजार चौरस मीटर वा त्याहून मोठ्या भूखंडावरील प्रकल्पात २० टक्के हिस्सा दुर्बल व अल्प उत्पन्न गटांसाठी ठेवण्याची ही अट. पुणे, ठाणे, नाशिक परिसरात म्हाडाच्या सोडतीत निघणारी '२० टक्के योजने'तील घरे याच अटीतून येतात. मोठ्या गृहसंकुलाच्या आवारात किंवा जवळच विखुरलेली ही घरे मोर्चे आणि निवेदनांचा विषय क्वचितच होतात. संख्या मर्यादित असली आणि सुविधा सामायिक असल्या, की शेजार जुळतो, हे त्यावरून दिसते.

त्यामुळे विरोध करणाऱ्या घरमालकांनी आणि धोरण ठरविणाऱ्यांनी प्रश्नाची मांडणी बदलण्याची गरज आहे. 'आमच्याकडे नको' या मागणीचा शेवट मानखुर्द आणि माहुलमध्ये होतो. 'आमच्याकडे आमच्या वाट्याची, सुविधांसह आणि आधी सांगून' ही मागणी मात्र प्रशासनाला जबाबदार धरते आणि गरजूंना घरही देते. प्रत्येक विभागाचा वाटा किती, त्यासाठी कोणता भूखंड आणि कोणत्या सुविधा, याचा तक्ता विकास आराखड्यातच जाहीर झाला, तर विकासकाच्या सोयीने जागा ठरण्याचे कारण उरणार नाही. खेड्यांतही हेच सूत्र लागू पडते. गावठाण विस्ताराचा आराखडा करताना भूमिहीनांच्या घरकुलांची जागा गावाच्या आत, शाळा आणि पाण्याजवळ आखली, तर गायरानही वाचेल.

शहरात घरकाम करणाऱ्या स्त्रिया, सफाई कामगार, रिक्षाचालक आणि सुरक्षारक्षक पहाटे दूरच्या वस्त्यांतून निघून याच वसाहतींत कामाला येतात आणि रात्री परततात. त्यांच्या कामाला वसाहतीत जागा आहे. त्यांच्या घरालाही ती द्यायची की नाही, हे ठरविण्याची जबाबदारी आता या वसाहतींवर आणि त्यांच्या महापालिकांवर आहे.